अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली: साठ दिवसांत नेमके काय करता येते?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. कितीतरी वर्षे इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा या विषयावर काढावा लागेल असे वाटले नव्हते.

मंगळवारी, ३ फेब्रुवारीला, नऊच्या मीटिंगमध्ये एचआरची बाई दिसली तेव्हाच समजलो. सव्वानऊला लॅपटॉप बंद. आमच्या टीममधले अकरा जण गेले. पगार १३ फेब्रुवारीपर्यंतचा मिळेल, त्यानंतर आठ आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी गेल्याची भरपाई) एकरकमी.

परिस्थिती अशी. फेब्रुवारी २०१७ पासून न्यू जर्सीत आहोत. एच-वनची कमाल सहा वर्षे २०२३ मध्येच संपली, पण आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असल्यामुळे मुदतवाढ मिळत गेली. आताची पिटिशन (कंपनीने माझ्या एच-वनसाठी केलेला अर्ज) ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. बायको एच-फोर ईएडीवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा आणि कामाचा परवाना) नोकरी करते. मुलगी सात वर्षांची, इथेच जन्मलेली, दुसरीत आहे. घर भाड्याचे.

माझे प्रश्न:
नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारे साठ दिवस कधीपासून मोजायचे? सेव्हरन्सचे आठ आठवडे त्यात धरायचे की त्यानंतर साठ?
नोकरी नाहीच मिळाली तर बी-टू (पर्यटक व्हिसा) करावा की सरळ परत जावे?
मुलगी अमेरिकन नागरिक असल्याचा काही उपयोग होतो का?

आईवडिलांना अजून सांगितलेले नाही. रोज सकाळी कपडे करून वाचनालयात जाऊन बसतो.

कोकणकडा
पिंपळपान, वाईट वाटले वाचून. २०२३ च्या जानेवारीत मी याच जागी होतो, म्हणून जरा भराभर लिहितो.

सेव्हरन्स मोजायचा नाही. ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो शेवटचा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी. म्हणजे तुमचा १४ फेब्रुवारी हा पहिला दिवस आणि १४ एप्रिल साठावा. सेव्हरन्सचा चेक एप्रिलमध्ये आला म्हणून मुदत पुढे सरकत नाही. माझ्या ओळखीतले एक जण नेमके याच गैरसमजात राहिले.

मुलीच्या नागरिकत्वाचा आत्ता काही उपयोग नाही. ती २१ वर्षांची झाल्यावरच आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचे. साठ दिवस 'पर्यंत' आहेत. साठ दिवस किंवा आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येते याची सरकारी नोंद) संपण्याची तारीख, यातले जे आधी येईल ते. तुम्ही पिटिशनची तारीख दिलीत. आय-९४ कधी संपते? मंजुरीच्या कागदाखाली छापलेली नको. मधे भारतात जाऊन आला असाल तर शेवटच्या प्रवेशाची आय-९४ सीबीपीच्या (सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) वेबसाइटवरून काढा आणि तीच तारीख इथे लिहा.

निवडुंग
माझे मत कडू वाटेल, पण मनापासून सांगतो. नऊ वर्षे झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून किती जातील कुणी सांगू शकत नाही. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. हे गणित आपल्या हयातीत सुटणारे नाही. मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे परत जायला हेच वय योग्य. बारा-तेराव्या वर्षी हलवाल तर तिला फार जड जाईल. साठ दिवस नोकरीमागे धावण्यात घालवण्यापेक्षा ते घर आवरण्यात घालवा.

रातराणी
निवडुंग, माणूस चार दिवसांपूर्वी नोकरीवरून निघालाय. परत जायचे की नाही हा निर्णय शांत डोक्याने घ्यायचा असतो, मुदतीच्या धाकाने नाही. आमच्या घरी हे झालेय म्हणून बोलते.

पिंपळपान, वाचनालयात बसायचे असेल तर जरूर बसा, पण कपडे करून कामावर निघाल्याचे मुलीला दाखवू नका. मुलांना कळते. आमच्या मुलाने तिसऱ्या दिवशी विचारले होते, "बाबा डबा का नेत नाही?"

साखरभात
मी बारा वर्षे एचआरमध्ये आहे. टेबलाच्या त्या बाजूने काही गोष्टी सांगते.

१. सेव्हरन्सच्या करारावर लगेच सही करू नका. वय चाळीस किंवा जास्त असेल आणि एकावेळी अनेकांना काढले असेल, तर कायद्याने विचार करायला ४५ दिवस आणि सहीनंतर मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. वय कमी असेल तरी आठवडाभराची मुदत मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात.

२. एकरकमी सेव्हरन्सऐवजी तेवढेच आठवडे पगारावर ठेवाल का, हे लेखी विचारा. कंपनीचा खर्च जवळजवळ तेवढाच होतो आणि नोकरीची शेवटची तारीख पुढे जाते. काम न करता पगारावर असलेला काळ कसा धरला जाईल यावर वकिलांचे एकमत नाही, म्हणून आपल्या वकिलाशी बोलून मगच मागा. पण विचारायला काहीच लागत नाही, आणि मी स्वतः तीन जणांसाठी हे करून दिलेय.

३. कागद! आय-१४० हा कंपनीचा अर्ज असतो, त्याची प्रत द्यायला कंपनी बांधील नाही. तरीही मागा. प्रत नाही दिली तर निदान पावती क्रमांक, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) आणि पर्ममधले (आय-१४० च्या आधीची कामगार खात्याची मंजुरी) कामाचे वर्णन मिळवा. अनुभवाचे पत्र कामाच्या तपशिलांसह घ्या. मॅनेजर आज आहे, उद्या तोही नसेल.

४. मुदतीआधी काढले तर तुमच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देऊ करणे कंपनीला बंधनकारक आहे. फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. स्वतःहून राजीनामा दिलात तर हा हक्क जातो. म्हणून "राजीनामा द्या, रेकॉर्डवर बरे दिसेल" असे कुणी गोडीगुलाबीने सुचवले तर ऐकू नका.

५. आरोग्य विमा: कोब्रा (जुन्या कंपनीचा विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय) निवडायला ६० दिवस मिळतात आणि तो मागील तारखेपासून लागू होतो. पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के असा खर्च, म्हणजे महागच. पण बायकोच्या नोकरीत विमा मिळत असेल तर तुमचा विमा संपल्यापासून ३० दिवसांत तिच्या कंपनीला कळवा. ती संधी गेली की वर्षअखेरपर्यंत थांबावे लागते.

गोदाकाठ
मी १९९८ मध्ये इथे आलो आणि २००१ च्या उन्हाळ्यात नोकरी गेली. त्या वेळी ग्रेस पिरियड नावाची गोष्टच नव्हती. नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बेकायदा. दहा दिवस मिळतात, तीस दिवस मिळतात, अशा अफवा एकमेकांना फोन करून सांगायचो. साठ दिवसांचा नियम १७ जानेवारी २०१७ पासून आला.

पार्किंगमध्ये "विकणे आहे" लिहिलेल्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या. मी माझी होंडा निम्म्या किमतीत दिली. घेणारा शेजारीच होता. त्याने पैसे दिले, आणि विमानतळावर सोडायला तीच गाडी घेऊन आला.

२००४ मध्ये परत आलो. पिंपळपान, जाऊन परत येता येते. हे दार एकदाच उघडते असे मनात धरू नका.

निवडुंग
गोदाकाठ काका, २००४ मध्ये येता आले. आता सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नवी पिटिशन करायची तर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. कोण भरणार आहे? आता गेलात की गेलात. म्हणूनच म्हणतो, जायचे असेल तर मन पक्के करून जा.

टेक्सासकर
तुम्हीच म्हणताय परत जा आणि तुम्हीच म्हणताय गेलात की गेलात. आधी एक ठरवा :)

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. साखरभात, दोन, तीन आणि पाच आजच केले.

कोकणकडा, आय-९४ काढली. २६ मार्च २०२६.

तीनदा बघितले. दिवाळीला भारतात गेलो होतो, तेव्हा पासपोर्ट २६ मार्चला संपत होता. आल्यावर नवा करू म्हटले आणि राहून गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टच्याच तारखेपर्यंत प्रवेश दिला. पिटिशन ऑगस्ट २०२७ पर्यंत असल्यामुळे मी निर्धास्त होतो. बायको आणि मी कागद समोर ठेवून बसलो आहोत. म्हणजे साठ नाहीत, ४१ दिवस. बरोबर ना?

कोकणकडा
बरोबर. ४१. वाईट आहे, पण आज कळले हे फार बरे झाले. मार्चच्या शेवटी कळते तर हातात काहीच उरले नसते. (बायकोची आय-९४ वेगळी काढून बघा. प्रत्येकाची वेगळी असते. तिचा पासपोर्ट पुढचा असेल तर तिची तारीखही पुढची असेल.)

आता उलटे मोजू.

नव्या कंपनीची पिटिशन २६ मार्चच्या आत यूएससीआयएसकडे (हे अर्ज बघणाऱ्या इमिग्रेशन खात्याकडे) पोहोचली पाहिजे. टपालात टाकली याला अर्थ नाही. कुरियर उशिरा आले किंवा फीचा घोळ होऊन पाकीट परत आले तर? म्हणून २० तारीख धरा, फार तर २४.
त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा मंजूर अर्ज) लागतो, त्याला सात कामाचे दिवस. म्हणजे १० मार्चला तो गेलाच पाहिजे.
त्याआधी वकिलाला कागद जमवायला दोन-तीन दिवस.
म्हणजे शुक्रवार ६ मार्चपर्यंत हातात ऑफर. कंपनीने आधी कधी एच-वन केलेला नसेल तर त्यांचा करक्रमांक पडताळण्यात आणखी दिवस जातात, म्हणून अशा कंपनीला पहिल्या फेरीतच विचारून घ्या.

पिटिशन वेळेत दाखल झाली की पावतीवर काम सुरू करता येते, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ही सोय २००० च्या कायद्याने आली. एच-वनच्या कोट्याची लॉटरी पुन्हा लागत नाही, तुमची गणना एकदा झालेली आहे. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झालेत ना? मग जुन्या कंपनीने मागे घेतला तरी त्याच्या आधारावरची मुदतवाढ आणि प्रायॉरिटी डेट शाबूत राहते. नवी कंपनी पर्म पुन्हा करेल, पण रांगेतला नंबर तोच.

आणि निवडुंग, एक लाखाचे अर्धेच सांगितलेत. देशात राहून, स्टेटस चालू असताना ट्रान्सफर (नव्या कंपनीकडे एच-वन नेणे) किंवा मुदतवाढ मागितली तर ती रक्कम लागत नाही. पण मुदत उलटून अर्ज गेला आणि देशात राहण्याची मागणी नाकारली गेली, तर लागते. पूर्वी चार दिवस उशीर झाला तर वकील विनंतीपत्र जोडून बघायचे. आता त्या चार दिवसांची किंमत कंपनीला एक लाख डॉलर पडू शकते, आणि ते कळले की ऑफरच जाते. म्हणून २६ तारीख भिंतीवर लिहा.

पासपोर्टचा अर्ज उद्याच्या उद्या करा.

रातराणी
पिंपळपान, बी-टूबद्दल आमचा अनुभव लिहिते. २०२३ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि बाविसाव्या दिवशी एक तोंडी ऑफर मिळाली. आम्ही हुश्श केले, अर्ज पाठवणे थांबवले. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी त्या कंपनीने सांगितले की जागा गोठवली. बाविसाव्या दिवसापासूनचे ते सव्वीस दिवस मला आजही आठवतात. पत्र हातात येईपर्यंत थांबू नका, पत्र आले तरी पिटिशन जाईपर्यंत मुलाखती देत राहा.

बावन्नाव्या दिवशी आम्ही तिघांचा मिळून आय-५३९ (बी-टू मागण्याचा अर्ज) भरला. अर्ज मुदतीत गेला तर निर्णय लागेपर्यंत देशात राहता येते. काम अजिबात करायचे नाही, पण नोकरी शोधणे आणि मुलाखती देणे चालते, यूएससीआयएसने त्याच वर्षी तसे स्पष्ट केले होते. इथे का राहायचे आहे याचे कारण, खर्चाला पैसे आणि परत जाण्याचा इरादा हे सगळे लिहावे लागते.

तिसऱ्या महिन्यात खरी नोकरी मिळाली. तेव्हा कळले की आता पावतीवर काम सुरू करता येत नाही. एच-वनची मंजुरी यावी लागते, आणि आमच्या बी-टूचा निर्णय तर लागलेलाच नव्हता. शेवटी पिटिशन मंजूर झाली पण "बाहेर जाऊन परत या" अशा शेऱ्यासह. नवऱ्याच्या पासपोर्टवर जुना एच-वनचा शिक्का (व्हिसा) चालू होता, म्हणून तीन आठवड्यांत जाऊन आला.

तर बी-टूने वेळ मिळतो, पण ज्या सोयीवर आपण उभे असतो ती जाते. शेवटच्या आठवड्यात हातात काही नसेल तेव्हाच.

तुमचा शिक्का कधीपर्यंतचा आहे?

पिंपळपान
शिक्का ऑगस्ट २०२७ पर्यंत. तो जुन्या कंपनीच्या नावाने आहे, त्याचा उपयोग होतो?

कोकणकडा
होतो. जुन्या कंपनीचा चालू शिक्का आणि नव्या कंपनीची मंजुरी, असे दोन्ही घेऊन येता येते. पासपोर्ट नवा झाला तरी शिक्क्याचा जुना पासपोर्ट सोबत ठेवायचा. आणि एक लाखाचा नियम आहे तो बाहेर असलेल्या आणि चालू एच-वन शिक्का नसलेल्या माणसासाठी. तुमच्याकडे शिक्का आहे. म्हणजे २६ मार्चच्या आत तुम्ही भारतात गेलात आणि मे महिन्यात ऑफर आली, तरी दार उघडे आहे. प्रत्येक पायरीवर वकिलाला विचारा, कारण यावर कोर्टात खटले चालू आहेत आणि सूचना बदलत असतात.

तुमच्या हातात तीन मार्ग आहेत, एक नाही: वेळेत ट्रान्सफर, वेळेत बी-टू, किंवा वेळेत परत जाऊन तिथून शोध. तिन्हीत 'वेळेत' आहे.

निवडुंग
शिक्क्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझे वरचे "गेलात की गेलात" मागे घेतो. पिंपळपान, तुमचे काम काय आहे? डेटा इंजिनिअरिंग असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे दोन जागा निघणार आहेत.

टेक्सासकर
एक धोक्याची सूचना. लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" टाकलेत की दोन दिवसांत फोन सुरू होतील: "सर, पिटिशन लगेच टाकतो, तुम्ही फक्त फी भरा, प्रोजेक्ट नंतर बघू." दूर राहा. एच-वनची कायदेशीर फी कंपनीनेच भरायची असते. आणि बेंचवर (प्रोजेक्टविना) असलात तरी कंपनीने पूर्ण पगार द्यावाच लागतो, "प्रोजेक्ट मिळाल्यावर पगार" हा प्रकार बेकायदा आहे.

माझा रूममेट २०१९ मध्ये असाच अडकला. साडेचार हजार डॉलर भरले, चार महिने पगाराची पावती नाही. पुढच्या चांगल्या कंपनीने ट्रान्सफर करताना शेवटच्या तीन पावत्या मागितल्या, तेव्हा हा गप्प. रेझ्युमेत खोटा अनुभवही त्यांनीच घातला होता. आज तो भारतात आहे आणि व्हिसाच्या प्रत्येक मुलाखतीत त्याला तेच विचारतात.

खऱ्या, चांगल्या कन्सल्टिंग कंपन्या आहेत, मी स्वतः एकीत आहे. पगाराची पावती दर पंधरवड्याला येते का, हे तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याला विचारायचे. बाकी त्यांची वेबसाइट कशी का असेना.

पाणकोंबडी
एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) करून कॉलेजला प्रवेश घेतला तर? पहिल्या दिवसापासून काम करता येते असे कोर्स आहेत ना?

साखरभात
पाणकोंबडी, खरेच शिकायचे असेल तर एफ-वन चांगला मार्ग आहे. पण पहिल्या दिवसापासून काम देणाऱ्या कोर्सवर नंतर फार चौकशी होते, आमच्या कंपनीत दोन जणांना त्यावरून जास्तीचे पुरावे मागितले गेले. केवळ मुदत काढायला वीस-पंचवीस हजार डॉलर फी भरू नका.

पिंपळपान, अजून एक सुचले. बायको काय काम करते? विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्थांना एच-वनच्या कोट्याची मर्यादा नसते. लॉटरी नाही, मार्चची नोंदणी नाही, १ ऑक्टोबरची वाट नाही, कधीही अर्ज करता येतो. तिला तिथे नोकरी मिळाली तर तुम्ही एच-फोरवर जाऊ शकता. घरात शोधणारे दोघे झाले की ओझेही वाटले जाते.

पिंपळपान
ती बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आहे! हे आम्हाला सुचलेच नव्हते. तिच्या प्रोफेसरांना आज मेल करते म्हणाली.

कुणीतरी कंपेलिंग सर्कमस्टन्सेस ईएडीबद्दल (अपरिहार्य परिस्थितीतला कामाचा परवाना) सांगितले. आय-१४० असेल तर मिळते म्हणे?

कोकणकडा
नुसती नोकरी गेली एवढ्याने मिळत नाही. गंभीर आजार, किंवा देश सोडावा लागला तर होणारे मोठे नुकसान, असे पुराव्यांनिशी दाखवावे लागते. एक वर्षाचे मिळते. पण त्यावर काम सुरू केले की तुम्ही एच-वनमध्ये राहत नाही, आणि पुन्हा एच-वनवर यायला देशाबाहेर जावे लागते. ज्यांच्या घरात उपचार चालू आहेत त्यांच्यासाठी मोठा आधार आहे. तुमच्यासाठी नको.

मोरपीस
अवांतर: मी सिंगापूरला आहे. इथे एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की ३० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये बहीण आहे, तिथे गृहखाते व्हिसा कमी केल्याचे पत्र पाठवते आणि सहसा त्यापासून ६० दिवस. पण तिथे ठरावीक वर्षांनी कायम राहायचा अर्ज करता येतो, म्हणून ही धास्ती आयुष्यभर पुरत नाही.

गोदाकाठ
अवांतरावर अवांतर: कॅनडाने जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एच-वनवाल्यांसाठी वर्क परमिट काढले होते. दहा हजार जागा, दोन दिवसांत संपल्या. माझ्या पुतण्याने पहिल्याच दिवशी अर्ज केला आणि आता तो तिथेच रमला आहे.

जास्वंद
मी २०२३ च्या जूनमध्ये भारतात परत आले, नोकरी गेल्यावरच. जे परत जायचा विचार करताहेत त्यांच्यासाठी लिहिते, आणि पिंपळपान, तुमच्यासाठीही. हा मार्ग कसा आहे हे माहीत असले की बाकीचे दोन मार्ग शोधताना हात थरथरत नाहीत.

मुलीचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) आहे का? नसेल तर आत्ताच अर्ज करा. इथे राहायचे तर तिला ते लागेल.

४०१-के (नोकरीतले निवृत्तीचे खाते) हलवायची घाई करू नका. साडेएकोणसाठ वर्षांआधी पैसे काढलेत तर कर आणि वर रकमेच्या दहा टक्के दंड. तसेच राहू द्या किंवा आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) वळवा. भारतात परतल्यावर साधारण दोन वर्षे तुमचे बाहेरचे उत्पन्न इथे करपात्र नसते, ते निकष सीएकडून समजून घ्या.

सोशल सिक्युरिटीला (अमेरिकेच्या सरकारी पेन्शनला) ४० क्रेडिट लागतात. भारत-अमेरिका करार नसल्याने ३९ असतील तर हातात शून्य. तुम्ही फेब्रुवारी २०१७ ला आलात ना? २०१७ ते २०२५ ही नऊ वर्षे, ३६ क्रेडिट. क्रेडिट महिन्यांवर नाही, कमाईवर मिळतात. वर्षात साताठ हजार डॉलर कमाई झाली की चारही मिळतात. यंदाच्या दीड महिन्याच्या पगारात तुमची ती कमाई झालेली असणार. म्हणजे आज परत गेलात तरी हे वर्ष संपताना तुमचे ४० पूर्ण. वेबसाइटवर खाते उघडून आधीची नऊ वर्षे नीट नोंदली आहेत का ते बघा.

आणि मुले. माझी मोठी पहिले सहा महिने रोज "घरी कधी जायचे" विचारायची. सातव्या महिन्यात मैत्रिणीकडे राहायला गेली आणि तिथून फोन करून म्हणाली, "मी उद्या घरी येते." तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

पिंपळपान
जास्वंद, क्रेडिटचे वाचून बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. गेल्या दोन आठवड्यांतली पहिली पूर्णपणे चांगली बातमी.

काल रात्री आईवडिलांना फोन केला. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जेवतोस ना वेळेवर?" आईने विचारले, पैसे पाठवू का.

रातराणी
बरे केलेत.

कोकणकडा
आज २ मार्च. सोळा-सतरा दिवस झाले मोजणीचे. पिंपळपान, कुठवर आले?

पिंपळपान
तीन ठिकाणी शेवटची फेरी. निवडुंग यांच्याकडची एक त्यात आहे. पासपोर्ट आला. बी-टूचा अर्ज वकिलाने भरून तयार ठेवला आहे, १८ तारखेपर्यंत ट्रान्सफरचे नक्की झाले नाही तर २० ला पाठवायचा. बायकोची विद्यापीठात एक मुलाखत झाली.

पिंपळपान
२३ मार्च.

निवडुंग यांच्या कंपनीत नाही झाले, त्यांचे बजेट कापले गेले. पण त्यांनी माझा रेझ्युमे त्यांच्या जुन्या मॅनेजरकडे पाठवला होता. ती फिलाडेल्फियाजवळची लहान कंपनी आहे. ६ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ऑफर आली. एलसीए ९ ला गेला. पिटिशन २० ला पोहोचली, पावती आज हातात आली. उद्यापासून कामावर.

पगार आधीपेक्षा अठरा टक्के कमी आहे. पर्म पहिल्यापासून. जूनपर्यंत मी एकटा तिकडे राहीन आणि शनिवार-रविवार घरी येईन, मुलीची दुसरी इथेच पूर्ण करू. विद्यापीठाचे बायकोचे अजून चालू आहे, ते आम्ही सोडलेले नाही. पुन्हा असे झाले तर घरात दोन स्वतंत्र व्हिसा असावेत असे दोघांनाही वाटते.

निवडुंग, तुमचा फोन नंबर माझ्याकडे आहे, पण इथे सगळ्यांसमोर लिहायचे होते. धन्यवाद.

निवडुंग
अभिनंदन! माझे परत जाण्याबद्दलचे मत कायम आहे, पण जाल तेव्हा स्वतः ठरवून जा. फिलाडेल्फियात पहिल्या शनिवारी घरी जाणार नसाल तर जेवायला आमच्याकडे.

गोदाकाठ
छान झाले. आणि गाडी विकावी लागली नाही!

उंबरठा
नमस्कार. सगळा धागा वाचून काढला. मला आज दुपारी सांगितले. मी पाच वर्षे सिॲटलला आहे, आय-१४० अजून झालेला नाही, एल-वनवरून (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) एच-वनवर आले होते. नवरा एच-फोरवर, त्याला काम करता येत नाही. मला काहीच सुचत नाहीये, कुठून सुरुवात करू?

पिंपळपान
उंबरठा, सीबीपीच्या वेबसाइटवर जाऊन दोघांचीही आय-९४ काढा आणि तारखा इथे लिहा. शेवटचा पगार कोणत्या दिवसापर्यंतचा आहे तेही. एल-वनची वर्षे सहात धरतात, म्हणून दोन्ही मिळून किती झाली ते आणि मधे किती दिवस भारतात होता तेही लिहा, ते दिवस परत मिळतात. मी रात्री अकरापर्यंत जागा आहे.

उंबरठा
दोघांची १९ मे. पगार ३१ मार्चपर्यंत. भारतातले दिवस शिक्के बघून मोजते.

कोकणकडा
म्हणजे १ एप्रिलपासून मोजणी, आणि साठ नाहीत, ४९. एलसीए ३० एप्रिलच्या आत जायला हवा. सेव्हरन्सवर सही केलीत का?

उंबरठा
नाही, अजून नाही.